हिशोबाची नोटीस आली की फोन करू नका, आधी हे वाचा

ग्रामपंचायतीच्या निकालानंतर महिनाभर कुणाच उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशोब आठवत नाही, आणि मग कलेक्टर ऑफिसची नोटीस हातात पडली की बीड, लातूर, परभणीकडून फोनावर फोन. प्रश्न दरवेळी तेच, म्हणून एकदाच इथं उत्तरं देतो.

प्रश्न (कळंब): मी 11 मतांनी पडलो. पडलेल्याला काहून हिशोब द्यावा लागतो?
द्यावाच लागतो. जिंकलात का पडलात, कायदा विचारत नाही.

प्रश्न (जिंतूर): मी झेडपी शाळेवर शिक्षक, दाजी ग्रामपंचायतीला उभे आहेत. रजा टाकून प्रचाराला गेलो तर चालेल ना? स्टेटसला पोस्टर ठेवलं तर?
गुरुजी, दोन्ही नको. रजा टाकली म्हणजे नोकरी सुटली असं होत नाही, तुम्हाला जिल्हा परिषद सेवेचे 1967 चे वर्तणूक नियम लागतात आणि त्यात प्रचार बसत नाही. एक स्क्रीनशॉट बीडीओकडं गेला की चौकशी लागते. दाजींना मत द्या, तेवढं पुरे.

प्रश्न (अंबाजोगाई): मी सदस्य म्हणून निवडून आले. पॅनलप्रमुख म्हणाले सगळ्यांचा हिशोब एकत्र दिलाय, आता 4 महिन्यांनी मला नोटीस आली. एक जण 3 हजारात मागच्या तारखेची बिलं लावून फाइल करून देतो म्हणतो. देऊ का?
ताई, त्या माणसाला एक रुपया देऊ नका. तहसीलच्या आवक रजिस्टरला तुमचा कागद ज्या दिवशी येईल तीच तारीख पडणार, मागची तारीख टाकून काहीच मिळत नाही, उलट खोट्या बिलांचं नवं लफडं तुमच्या सहीनं उभं राहतं.

आणि हे पॅनलनं हिशोब दिला प्रकरण मी किती वेळा ऐकलंय! ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14ब मध्ये पॅनल नावाची गोष्टच नाही, उमेदवार आहे. प्रत्येकानं आपला हिशोब निकालापासून 30 दिवसांत द्यायचा, रोजचा खर्च रोज लिहायचा, राज्य निवडणूक आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर भरलं तरी कागदावर शिक्का मारलेली पोच घ्यायची आणि ती घरात सातबाऱ्यासोबत जपून ठेवायची. आमदार-खासदारानं हिशोब चुकवला तर 3 वर्षं अपात्रता, गावातल्या सदस्याला 5. पाच वर्षं! ज्या बाईनं भिंती रंगवायला 2 हजार पण खर्च केले नसतील तिचं पद जातं, अन् कारण काय तर कुणीतरी म्हणालं होतं, मी देतो. मला याचा फार त्रास होतो, कारण हे टाळायला एक वही आणि तहसीलची एक चक्कर पुरते.

पण अजून सगळं गेलं नाही. उशिराचं सबळ कारण असेल (दवाखाना, बाळंतपण, जे खरं असेल ते) तर कागदासकट मांडा. कारणं नोंदवून अपात्रता काढायचा किंवा मुदत कमी करायचा अधिकार आयोगाला आहे. सुनावणी चुकवू नका, नोटीस अन् असतील त्या पावत्या घेऊन या आठवड्यातच वकिलाला भेटा. पुढच्या आठवड्यात नाही.

प्रश्न (किनवट): मी सरपंच. नालीचं काम भाच्याच्या फर्मला दिलं, त्यानं बिलातले काही पैसे माझ्या खात्यावर टाकले. काही होतं का?
होतं. कलम 14(1)(ग) मध्ये पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असला तरी अपात्रता आहे. नाव भाच्याचं असलं तरी खातं तुमचं आहे. पासबुक घेऊन वकिलाकडं जा, फोनवर यापुढं काही बोलू नका.

प्रश्न (औसा): गावानं ठरवलंय, जो देवळाला जास्त देईल तो बिनविरोध सरपंच, बाकीचे अर्ज मागं घेतील. पैसा देवाचाच आहे, मग चूक काय?
2021 ला नाशिकमधलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, दोन्हीकडं असाच लिलाव झाला, आयोगानं तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. उभं राहणं किंवा अर्ज मागं घेणं हा सुद्धा निवडणुकीतला हक्क आहे, त्यासाठी पैसे देणं-घेणं म्हणजे लाच, मग पावती देवळाची असली तरी. बोली लागली असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद घालत बसू नका, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज मागं घ्यायच्या तारखेच्या आधी.