वाचक विचारतात : 'घर आपलंच आहे, मग परवाना कशाला?'

दोन महिन्यांपूर्वी मी इथे आमच्या साताऱ्याच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते त्याबद्दल लिहिलं होतं, कासच्या सीझनमध्ये किती धावपळ होते वगैरे. त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यात कौतुक दोन ओळींचं आणि बाकी सगळे प्रश्न लायसनचे. मी वकील नाही, सीए पण नाही, पण या कागदांच्या मागे स्वतः फिरलेय त्यामुळे जे पक्कं माहिती आहे तेवढंच सांगते. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं मुद्दाम दिली नाहीत.

ताई, रत्नागिरीत आमचं दुमजली घर आहे, बाबांच्या नावावर. आईबाबा खाली राहतात, वरचे दोन रूम रिकामे. मी पुण्यात नोकरीला. रूम ऑनलाईन टाकायचा विचार आहे. शेजारी म्हणतात काही लागत नाही, फोटो टाक आणि सुरू कर. मामा म्हणतो हॉटेलचं लायसन काढावं लागेल. खरं कुणाचं?

दोघांचंही नाही. शेजारी तुम्हाला अडकवणार आणि मामा घाबरवणार.

सगळ्यात आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, पाहुणा ज्या घरात झोपणार त्याच घरात घरमालक राहतो का? तुमच्याकडे उत्तर हो आहे, आणि इथेच अर्धं काम झालं, कारण केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची जी बेड अँड ब्रेकफास्ट आणि होमस्टेची योजना आहे ती अशाच घरांसाठी आहे, एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा बेड, आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहणारं. त्यात सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन वर्ग आहेत, अर्ज ऑनलाईन होतो, 'निधी' नावाचं पोर्टल आहे. आपल्या राज्याचीही निवास न्याहारी योजना आहे. लोक अजून सवयीने 'एमटीडीसीचं', म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, लायसन म्हणतात पण आता नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे असते, महामंडळ वेगळं आणि संचालनालय वेगळं, चुकीच्या ऑफिसात गेलात तर अर्धा दिवस वाया जातो, माझा गेलाय.

कागद म्हणाल तर घर कुणाचं त्याचा पुरावा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड किंवा असेसमेंटचा उतारा, घरपट्टी भरल्याची चालू वर्षाची पावती, लाईट बिल, मालकाचं आधार-पॅन, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि खोल्यांचे, बाथरूमचे फोटो. घर बाबांच्या नावावर आहे ना, मग अर्ज बाबांच्याच नावाने करा, आणि ऑनलाईन साईटवरचं खातं, बँक अकाउंट, पॅन हेही त्यांचंच द्या. मुलं काय करतात, बाबांना मोबाईल जमत नाही म्हणून सगळं स्वतःच्या नावाने उघडतात, मग पैसे मुलाच्या खात्यात, नोंदणी बाबांच्या नावाची, आणि जुलैमध्ये रिटर्न भरताना सीए विचारतो हे भाडं कुणाचं. तुम्ही पुण्यात बसून मेसेजना उत्तरं द्या, त्याला कुणाची ना नाही, पण कागदावर यजमान बाबाच.

नोंदणी झाली की ती सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन नगरपरिषदेत एक अर्ज द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. घरपट्टी व्यावसायिक दराने लावायची की निवासी हा प्रश्न तिथे कधीतरी निघतोच, तेव्हा आपण लपवून काही केलं नव्हतं हे दाखवायला ती पोच उपयोगी पडते. तसाच दुसरा अर्ज महावितरणच्या सबडिव्हिजन ऑफिसला, याला मात्र अजिबात आळस करू नका. वीज कायदा २००३ चं कलम १२६ आहे, मीटर ज्या कामासाठी दिलाय त्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरला असं ठरलं तर त्या दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि कधीपासून ते कळत नसेल तर मागचं बारा महिन्यांचं धरतात. मी पहिल्या वर्षी हौसेने गेटवर मोठा बोर्ड लावला होता आणि अर्ज काही दिला नव्हता, रीडिंग घ्यायला आलेल्या मुलाने बोर्डाचा फोटो काढला तेव्हा माझी चहाची कपबशी हातातच राहिली. दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज दिला, लेखी उत्तर मागितलं, ते आलं, आता फाईलला आहे. कुठला दर लागू होईल ते त्यांनीच लेखी सांगू दे, तोंडी 'चालतंय हो काकू' हे उत्तर धरून बसू नका.

जेवण देणार असाल, आणि रत्नागिरीत मासे न खाता पाहुणा परत जाईल असं वाटत नाही, तर आईच्या नावाने फूड सेफ्टीचं रजिस्ट्रेशन काढून टाका, छोट्या धंद्याला नुसती नोंदणी लागते, फी वर्षाला शंभर रुपये. कामाला बाई-माणूस ठेवणार असाल तर शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाईन सूचना द्यायची, २०१७ च्या नव्या कायद्यापासून कमी कामगार असलेल्यांना पूर्वीसारखा गुमास्ता परवाना लागत नाही. पाहुण्याला दारू मात्र तुम्ही द्यायची नाही, विकत तर नाहीच नाही, त्याला एक्साईजचं लायसन लागतं आणि ते होमस्टेच्या कागदात येत नाही.

आम्ही ठाण्यात राहतो, अलिबागला सोसायटीत वन बीएचके घेतलाय. महिन्यातून एकदा जातो, बाकी बंद असतो. शनिवार-रविवार भाड्याने दिला तर सेक्रेटरी गेटवरच पाहुण्यांना अडवतात. आमच्या मालकीचा फ्लॅट, त्यांना अधिकार काय?

तुमचा राग समजतो पण मी थोडी सेक्रेटरींच्या बाजूने आहे. दर शुक्रवारी रात्री अकराला नवीन आठ माणसं, दोन गाड्या, एक ब्लूटूथ स्पीकर आणि लिफ्टमध्ये ओले टॉवेल, खालच्या मजल्यावर एखाद्या आजी राहत असतील तर त्यांनी काय करायचं?

वरचाच प्रश्न तुम्हाला, मालक तिथे राहतो का? नाही. मग हा होमस्टे नाही, तुम्ही साईटवर काहीही नाव द्या. बेड अँड ब्रेकफास्टच्या नोंदणीत हा फ्लॅट बसत नाही. फ्लॅट मंजूर झालाय राहण्यासाठी आणि सोसायटीच्या उपविधीत वापर बदलायचा तर परवानगीचा विषय येतो, त्यामुळे आधी कमिटीकडे लेखी अर्ज, जमलं तर जनरल बॉडीत ठराव, किती माणसं, कुठे पार्किंग, रात्री किती वाजता शांत, पाहुण्यांची नावं गेटवर आधी कळवणार, हे सगळं तुम्हीच लिहून द्या. मी बघितलेल्या दोन सोसायट्यांनी असं लिहून दिल्यावर होकार दिला, एकीने साफ नाही म्हटलं. होकार मिळाला तरी नगरपरिषदेत आणि पोलीस स्टेशनला जाऊन विचारायचं काम राहतंच, मालक नसलेली रोजच्या भाड्याची जागा त्यांच्या नजरेत लॉजिंगच्या जवळची असते. आणि हो, सोसायटी तुमच्याकडून भोगवटेतर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते, मागेल, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही हेही माहिती असू द्या.

सोपा रस्ता सांगू का? एखादं वर्क फ्रॉम होमवालं जोडपं तीन-चार महिन्यांसाठी शोधा आणि रीतसर लिव्ह अँड लायसन्स करा. तो करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या. रोजच्या भाड्याएवढे पैसे सुटणार नाहीत पण दर सोमवारी चादरी धुवायला अलिबाग गाठायला नको.

मी मालवणची. नवऱ्याची नोकरी गेली, घर समुद्राजवळ आहे. मागे दोन खोल्या आणि संडास-बाथरूम बांधून होमस्टे करावा म्हणते. महिलांसाठी काही कर्ज आहे का?

आहे, आणि चांगलं आहे. राज्य सरकारचं 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं, त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला बँकेकडून घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, बारा टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं, सात वर्षं किंवा साडेचार लाख होईपर्यंत, जे आधी होईल ते. लक्षात ठेवा, व्याज परत मिळतं, कर्ज माफ होत नाही, आणि हप्ते वेळेवर गेले तरच मिळतं. अर्ज पर्यटन संचालनालयाकडे, धंदा तुमच्या नावावर हवा, नवऱ्याच्या नावावर ठेवून तुमचं नाव नुसतं पुढे करू नका.

पण बाई, विटा उतरवायच्या आधी थांबा. समुद्राजवळ म्हणजे किती जवळ? भरतीच्या रेषेपासूनचं अंतर आणि तुमची जागा सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर बंधनं असलेल्या पट्ट्याच्या, कुठल्या वर्गात येते त्यावर सगळं आहे. किनाऱ्यावरच्या पारंपरिक लोकांना त्यांच्या राहत्या घरात होमस्टे करायला २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत वाव आहे, पण घराचा चौथरा आणि रूप न बदलता. म्हणजे आहे त्या घरातल्या दोन खोल्या नीट केल्या, संडास आतून जोडून घेतला तर प्रकरण सोपं, आणि मागे नवीन बांधकाम काढलं तर नगरपरिषद आणि सीआरझेड दोन्हीची परवानगी आधी. विनापरवाना बांधलेल्या खोलीवर बँक कर्ज देत नाही आणि नोंदणीही होत नाही, मग ती खोली नुसती डोक्याला ताप. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झालाय, पाहुणे येतात, माडाखालच्या दोन साध्या स्वच्छ खोल्या भरतात, एसीच्या मागे लागून कर्ज वाढवू नका.

जीएसटी नंबर काढावा लागेल का? एका साईटने पाहुण्याकडून जीएसटी कापला, मला तर नंबरच नाही.

वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नंबर काढायची सक्ती नाही. साईटने घेतला तो बरोबर घेतला, कारण राहण्याच्या सेवेत नंबर नसलेल्या मालकाचा जीएसटी साईटनेच भरायचा असा नियम आहे. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला पाच टक्के. तुमच्याकडे थेट फोन करून आलेल्या पाहुण्याच्या बिलात मात्र नंबर नसताना जीएसटी लावू नका, तो गुन्हाच आहे. वीस लाख मोजताना त्याच पॅनवरचं दुकानाचं भाडं, बाकी भाडी सगळी धरतात, इथे लोक फसतात. आणि साईट ०.१ टक्के टीडीएस कापते तो तुमच्या पॅनवरच्या कराच्या नोंदीत दिसतो, म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांना तुमचे बुकिंग आधीच माहिती आहेत.

आयडी कुणाकुणाचा घ्यायचा? लग्न न झालेली जोडपी आली तर पोलीस त्रास देतात का? गावात लोक काय म्हणतील?

आयडी प्रत्येक मोठ्या माणसाचा, नुसता बुकिंग करणाऱ्याचा नाही. आधार देणार असेल तर आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालतं, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांचे आधार साठवून ठेवू नका, मोबाईल हरवला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. एक जाड वही ठेवा, नाव, पत्ता, फोन, कुठून आले, कुठे जाणार, गाडीचा नंबर, सही.

परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला तर २४ तासांच्या आत ऑनलाईन कळवायचं, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, त्यासाठी लॉगिन एसपी ऑफिसमधून आधीच करून घ्या. आडनाव देशपांडे, बोलतात मराठी, पुरणपोळी मागतात, पण पासपोर्ट अमेरिकेचा, तरी फॉर्म भरायचाच. सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झालाय त्यामुळे हे आता अजून गंभीरपणे घेतात.

जोडप्यांचं म्हणाल तर दोघं अठराच्या वर असतील आणि आयडी असेल तर त्यांना खोली देऊ नये असा कायदा नाही, कोईमतूरच्या एका जागेच्या प्रकरणात मद्रास हायकोर्टानेही २०१९ मध्ये तेच म्हटलं. तुमचं घर आहे, कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवलं असेल तर बुकिंगच्या पानावर आधीच लिहा, रात्री नऊला दारात उभं करून लग्नाचा फोटो मागू नका. गावातले लोक बोलतात, माझ्याही शेजारच्या काकू पहिल्या वर्षी खिडकीतच उभ्या असायच्या. आता त्यांच्याकडे पण एक खोली रिकामी आहे म्हणतात, कागद कोणते लागतात ते विचारत होत्या.

म्हापशाला आजोळचं घर आहे, मामेभावाने थेट टाकलंय साईटवर. गोव्यात पण हेच नियम का?

नाही, गोव्यात जास्त कडक आहे. तिथे पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि पाहुणे ठेवणारी प्रत्येक जागा, घरातली खोली असो की व्हिला, पर्यटन खात्याकडे नोंदवावीच लागते, ऑनलाईन साईटवरच्या सुद्धा. तिथे शेजाऱ्याची तक्रार गेली की माणूस तपासायला येतो. मामेभावाला सांगा आज लिस्टिंग बंद ठेव, आधी नोंदणी कर, आणि घर आजोबांच्या नावावर अजून तसंच असेल तर सगळ्या वारसांची संमती घे, त्यात तुमच्या आईची सही पण लागेल.

उरलेल्या पत्रांमध्ये चार जणांनी पाहुण्यांनी फोडलेल्या गिझरचं विचारलंय, ते पुढच्या अंकात, डिपॉझिट घ्यायचं की नाही त्यासकट.