गोठ्यातलं गोचिडीचं औषध आणि घरची कुत्री-मांजरं : आलेल्या प्रश्नांना उत्तरं

शेतकरी बंधू-भगिनींनो,

काजूला मोहोर धरला की आमच्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात. ढेकण्या पडला, मोहोर करपला, फवारणी कधी करू. या वेळी पंधरा दिवसांत चार प्रश्न वेगळेच आले. तीन घरच्या कुत्र्या-मांजरांचे, चौथा उरलेल्या बाटलीचा, आणि चारही गोचिडीच्या औषधाचे. मी शेतीचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यांसमोर बसून ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न (डिचोली) : गोचिडीसाठी गायीला टोचून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन उरलं होतं. कुत्र्याच्या पिल्लाला लूत लागलीय. गायीला पाच मिली दिलं, म्हणून पिल्लाला फक्त एक मिली टोचलं. रात्रीपासून ते झोकांड्या खातंय, लाळ गळतेय, समोरचं भांडंही त्याला दिसत नाही. औषध खोटं होतं का?

उत्तर : भाऊ, औषध खरंच होतं, चूक मापाची झाली. तुमच्या बाटलीवर एक टक्का लिहिलंय, म्हणजे एका मिलीत 10 मिलिग्रॅम औषध. गायीला ते 50 किलो वजनामागे एक मिली देतात. 250 किलोच्या गायीला पाच मिली, हे बरोबर. पण तुमचं पिल्लू तीन किलोचं. त्याला एक मिली म्हणजे किलोमागे गायीच्या सोळापटीहून जास्त! गायीच्याच हिशेबाने गेलो तरी 0.06 मिली होतं. तुमच्या हातातली पाच मिलीची सिरिंज उजेडात धरून बघा. तिच्यावरची सगळ्यात लहान रेघ 0.2 मिलीची. जे माप त्या सिरिंजवर दिसतच नाही, ते तिने मोजणार कसं?

हे औषध किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतं. मोठ्या जनावराच्या मेंदूत ते सहसा शिरत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक राखण असते. डोस फार झाला की ही राखण पुरी पडत नाही, आणि लहान पिल्लांत ती मुळातच कच्ची. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग अशा मेंढपाळी जातींच्या पुष्कळ कुत्र्यांत जन्मतःच एका जनुकाचा दोष असतो, त्यांना गायीच्या अर्ध्या हिशेबाचा डोसही भोवू शकतो. काही जर्मन शेफर्डांतही हा दोष सापडतो. आपल्याकडे हल्ली संकरित कुत्री घरोघर आहेत, त्यांच्या रक्तात काय आलंय ते वरून कळत नाही. डॉक्टर लुतीसाठी हेच औषध कधी कधी वापरतात, पण कुत्र्याची जात पाहून, वजन करून, थोड्यापासून चढवत.

याला उतारा नाही. टोचलेलं धुऊनही निघत नाही. सलाईन, ऊब, कूस बदलत राहणं, आणि औषध अंगातून उतरेपर्यंत वाट पाहणं. त्याला कधी कधी आठवडे लागतात. तुम्ही पिल्लाला दुसऱ्याच सकाळी दवाखान्यात नेलंत, हे फार बरं केलंत. घरी आणल्यावर काळोख्या, शांत खोलीत ठेवा आणि विहिरीपासून लांब. डोळ्यांना पुरतं दिसू लागेपर्यंत मोकळं सोडू नका.

प्रश्न (पेडणे) : कुत्र्याच्या मानेवर घालायचे पिसवांचे थेंब मांजरीलाही घातले. दोन तासांत तिचे कान फडफडू लागले, सगळं अंग थरथरतंय. काय करू?

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इतरांसाठी लिहितो. त्या थेंबांत परमेथ्रिन आहे. कुत्रा ते पचवतो, मांजराच्या यकृताला ते फोडता येत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण घालून मांजर लगेच धुवा. हातात मोजे घाला. पाणी कढत नको, नाहीतर कातडीतून औषध जास्त शिरतं. मग टॉवेलने टिपून, गुंडाळून थेट दवाखाना. थरथर थांबवायची औषधं डॉक्टरांकडे असतात, आणि वेळेत पोचलेली बरीच मांजरं वाचतात. गायीवर मारायचं डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन याच कुळातलं. औषध मारलेल्या कुत्र्याला चिकटून झोपलेलं मांजर, गोठ्यातल्या ओल्या गोणपाटावर बसून अंग चाटणारं मांजर, यांनाही बाधा होते. आमच्या घरचं एक मांजर असंच गेलं. त्या दिवशी गोणपाट उचलायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रश्न (सत्तरी) : गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाच्या भीतीने बागायतीत येणाऱ्या कुत्र्याला गोचिडी ठेवायच्या नाहीत. गायीचं गोचिडीचं औषध अमिट्राझ चालेल का? घरात काजूवर मारायचं औषधही आहे.

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. 2015 पासून सत्तरीने माकडताप पाहिलाय. पण काजूचं औषध कुत्र्याच्या अंगावर कधीच नाही, एक थेंबही नाही. पिकावरच्या कीटकनाशकातली विद्रावकं आणि तीव्रता जनावराच्या कातडीसाठी केलेली नसते. क्लोरपायरिफॉससारखं औषध असेल तर लाळ, जुलाब, आचके सुरू होतात आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. आयव्हरमेक्टिनमध्ये त्या मोठ्या होतात, यात बारीक. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण या विषावर उतारा आहे आणि तो वेगळा आहे.

अमिट्राझ कुत्र्यांसाठी वापरतात, पण बाटलीच्या बुचाने मापून नव्हे. डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रमाण मापाच्या सिरिंजने मोजून, पाण्यात मिसळून, मोकळ्या हवेत लावा, आणि अंग सुकेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. लहान पिल्लाला आणि मांजराला अजिबात नको. जास्त झालं तर कुत्रा गुंगतो, अंग थंड पडतं, नाडी मंदावते. तेव्हा औषधाचं नाव सांगणं फार गरजेचं, कारण गुंगीची काही नेहमीची इंजेक्शनं यात धोक्याची ठरतात. याचाही उतारा डॉक्टरांकडे असतो.

वजनाचं म्हणाल तर किराणा दुकानातला काटा चालतो. नाहीतर कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. शिवाय कुत्र्याची गोचीड अंगापेक्षा भिंतीच्या फटींत जास्त असते. फटी सिमेंटने बुजवल्या की निम्मं काम औषधाविना होतं.

विष पोटात गेलं की लोक मिठाचं पाणी, खोबरेल, दूध पाजतात. यातलं काहीही पाजू नका. मिठाने वेगळंच विष होतं, तेलाने औषध जास्त शोषलं जातं, आणि थरथरणाऱ्या जनावराच्या फुफ्फुसात पाणी जातं. बाटली किंवा तिचा फोटो, किती दिलं, किती वाजता, वजन किती, एवढंच घेऊन निघा.

प्रश्न (डिचोली, त्याच भावाचा) : उरलेली बाटली कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) पाटात ओतू का?

उत्तर : नको. यांतली बरीच औषधं मासे आणि खेकड्यांना फार थोड्या मात्रेत मारतात, आणि तुमच्या पाटाचं पाणी पुढे शेजाऱ्याची गाय पिते. बाटली घट्ट बंद करून, चिठ्ठीसकट पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन या. पुढच्या खेपेला तुमच्या गायींना लागेल तेवढ्याच मापाची बाटली मागा.