‘आम्ही एलएलएमला प्रवेश घेतला आहे’

पत्र : ‘मुलीचं पाच वर्षांचं बीए एलएलबी यंदा पूर्ण झालं. 62 टक्के आहेत. पुण्यातल्या एका महाविद्यालयात आम्ही एक वर्षाच्या एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला आहे, आता विशेष विषयांचा गट निवडायचा आहे. मी म्हणतो क्रिमिनल घ्यावा, म्हणजे जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेची) तयारीही होईल. नातेवाईक म्हणतात कॉर्पोरेटला पैसा आहे. मुलगी कामगार कायदा म्हणते, पण त्याला आता भविष्य राहिलेलं नाही. शेवटच्या वर्षी तिने विडी कामगार बायकांच्या प्रॉव्हिडंट फंडावर प्रकल्प केला, त्यात महिनाभर वाया गेला. कोर्टात जुनिअर म्हणून बसायचं म्हणते. सिनिअर पेट्रोलचेही पैसे देत नाहीत आणि तिथलं वातावरण मुलींसाठी नाही, म्हणून मी नको म्हटलं. एलएलएम झाली की जज होईल, नाहीच झाली तर प्राध्यापक तर होईलच. तोवर स्थळंही बघतो आहोत. कोणता गट घ्यावा ते कळवावे.’
– एक मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

सर,

तुम्ही शाळामास्तर आणि मीही बरीच वर्षं लॉ कॉलेजात पेपर तपासले आहेत, तेव्हा तुम्हाला राग येणार नाही असं धरून सांगते. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पेन्सिल घेतली आणि त्यातल्या क्रियापदांखाली रेघा ओढल्या. प्रवेश घेतला, गट निवडायचा, नको म्हटलं, स्थळं बघतो आहोत. सगळीकडे कर्ता तुम्ही. मुलीच्या वाट्याला ‘म्हणते’ दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा लगेच पुढे तुम्ही ते खोडलंत. ‘होईल’ही तिच्याच नावावर आहे, पण ते तुमचं भाकीत झालं. तिने स्वतःहून काही केल्याची नोंद पत्रात एकाच ठिकाणी आहे. ‘प्रकल्प केला.’ त्याला तुम्ही शेरा दिलात, महिना वाया गेला.

त्या महिन्यापाशी मी अडले. कायद्याच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कसे होतात ते मला ठाऊक आहे. मागच्या वर्षीची फाईल कुणाकडून तरी मिळवायची, नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करून आणायचं. दोन दिवसांचं काम. तुमची मुलगी महिनाभर विडी वळणाऱ्या बायकांच्या दारात जाऊन बसली. पान आणि तंबाखू कंत्राटदार देतो, विड्या घरी वळायच्या, मग कागदावर मालक कोण आणि फंडाचा हिस्सा भरायचा कुणी, हा प्रश्न तिला पुस्तकात भेटला नाही, तो सोलापुरातल्या घराघरांत भेटला. विडी आणि सिगार कामगारांचा 1966 चा स्वतंत्र कायदा होता. त्यात घरी बसून काम करणारीलाही कामगार धरलं होतं. तो कायदा आणि ती ओसरी एकाच वेळी पाहिलेली मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं. 62 टक्क्यांचं मला काही वाटत नाही. त्या महिन्याचं वाटतं.

तुमचा सगळा बेत एका समजुतीवर उभा आहे. क्रिमिनल घेतलं की जेएमएफसीची तयारी होते आणि एलएलएम झालं की जज होता येतं. यात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. पहिली अभ्यासाची. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, म्हणजेच तुमची जेएमएफसी, या पदाची परीक्षा कलमं विचारते. दिवाणी प्रक्रिया संहिता, मालमत्ता हस्तांतरण, करार, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम. एलएलएमच्या क्रिमिनल गटात यातलं फार थोडं शिकवतात. तिथे गुन्हेगारीशास्त्र असतं, शिक्षेची तत्त्वं, पीडितांचे हक्क, बालगुन्हेगारीचा कायदा. विषय चांगले आहेत, पण जामिनाचं कलम पाठ करून घ्यायला तिथे कुणी बसलेलं नसतं. शिवाय त्या परीक्षेचा निम्मा भार दिवाणी कायद्याचा. दुसरी चूक पात्रतेची. एके काळी आपल्याकडे ठरावीक गुण असलेल्या ताज्या पदवीधरांना वकिली न करताही ही परीक्षा देता येई, त्या काळातला हा समज अजून गावोगाव फिरतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी ती वाट बंद केली. आता किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही वर्षं तात्पुरती सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्या दिवसापासून मोजायची, आणि प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला हवा. दाखला दहा वर्षं सनद असलेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही लागते. एलएलएमची पदवी या तीन वर्षांत धरली जात नाही. म्हणजे मुलीने जज व्हावं म्हणून तुम्ही तिला ज्या कोर्टापासून दूर ठेवताय, जज होण्याची वाट त्याच कोर्टातून जाते. निकाल लागून तिची सनद अजून काढली नसेल, तर तुमच्याच हिशेबाने रोज एक दिवस वाया जातोय. तिच्या प्रकल्पापेक्षा जास्त.

‘तिथलं वातावरण मुलींसाठी नाही.’ मी तालुका कोर्टात चार वर्षं उभी राहिले आहे. बार रूममध्ये बायकांना बसायला कोपरा नव्हता, स्वच्छतागृहाची किल्ली पट्टेवाल्याकडे असायची आणि पहिले सहा महिने पक्षकार मला ‘ताई, वकीलसाहेब कधी येणार?’ असं विचारायचे. तेव्हा तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मुली येऊन बसल्या म्हणूनच ते वातावरण थोडंफार बदललं, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि एक जुनी गोष्ट तुमच्या शाळेत सांगण्यासारखी आहे. नाशिकला 1866 मध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची बीसीएल (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) परीक्षा उतरल्या. नावात बॅचलर असलं तरी तो कायद्याचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम. बाई म्हणून विद्यापीठाने त्यांना तेव्हा पदवी दिली नाही, आणि हिंदुस्थानात वकील म्हणून उभं राहायला त्यांना 1923 च्या कायद्याची वाट पाहावी लागली. एवढं शिकून तीस वर्षं दार बंद. त्यांचं दार कायद्याने बंद केलं होतं. तुमच्या मुलीला कायद्याची आडकाठी नाही, सर.

पैशाबद्दलची तुमची तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्यात मी तुमच्या बाजूने आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून जुनिअरला शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलं, एवढंच. जिल्ह्याच्या ठिकाणी किती सिनिअर ते देतात, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं घरच्या आधारावर निघतील असं धरून चाला. पुण्यातल्या वर्षाची फी आणि खोलीभाडं तुम्ही भरायला तयार झालातच ना? तेवढेच पैसे सोलापुरात कुठल्याशा सिनिअरकडे काढलेल्या दोन वर्षांना पुरतील. हा हिशेब तुम्ही मांडला नाहीत, कारण एलएलएमचा खर्च शिक्षणात धरला जातो आणि जुनिअरकीचा घरी बसण्यात. स्थळं आणणाऱ्यांनाही ‘एलएलएम करतेय’ हे सांगायला सोपं पडतं. खरं सांगायचं तर बरीच घरं हे वर्ष प्रतीक्षालय म्हणूनच विकत घेतात.

आता ‘प्राध्यापक तर होईलच’ यातला ‘तर’ आणि ‘च’. एलएलएमला 55 टक्के, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि त्यानंतर जागा. आपली सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा मिळून. परीक्षा पास होणारे पुष्कळ आहेत. जागा निघायची वाट बघत तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत धावणारेही तितकेच, आणि त्यात माझे विद्यार्थी आहेत. सण आला की तासही नाहीत आणि मानधनही नाही. शिकवण्याची ओढ असेल तर हे सोसता येतं. दुसरं काही जमलं नाही म्हणून कुणी शिकवायला आलं, तर वर्गातल्या साठ जणांचं नुकसान होतं.

कॉर्पोरेटचं एका ओळीत. मोठ्या फर्म एलएलबीत असतानाच इंटर्नशिपमधून माणसं हेरतात, प्रमाणपत्रावरच्या गटाचं नाव पाहून कुणी बोलावत नाही.

आणि कामगार कायद्याला भविष्य नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत विरघळले, विडी कामगारांचाही. कारखाना बंद करायला किंवा कपात करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या वर लागायची, आता तीनशेच्या वर. नव्या रचनेत कामगार न्यायालयाऐवजी दोन सदस्यांचं न्यायाधिकरण आहे, त्यातला एक प्रशासकीय. या सगळ्याचे अर्थ अजून लागायचे आहेत. मालकांना वकील लागणार, युनियनला लागणार, आणि पंचवीस वर्षं जुन्या कायद्यावर घासलेले सिनिअरसुद्धा तुमच्या मुलीइतक्याच नव्याने ते वाचताहेत. तरुण वकिलाला अशी संधी वारंवार येत नाही.

गट कोणता, हे तुम्ही विचारलंय, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. पण ते तिच्यासाठी लिहिते, तिला वाचायला द्या.

बाळ, एक वर्षाच्या एलएलएमचा साचा 2013 च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने घालून दिला. किमान 24 श्रेयांक (क्रेडिट), तीन सक्तीचे विषय, सहा ऐच्छिक आणि एक प्रबंध. गटाचं नाव बघू नकोस, सहा ऐच्छिक कोणते आणि ते शिकवतं कोण ते बघ. माहितीपत्रकात वीस विषय छापलेले असतात आणि त्या वर्षी प्रत्यक्षात आठच चालतात, हे कार्यालयात जाऊन आणि जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून विचार. एलएलबीत जे शिकलीस तेच पुन्हा घेऊ नकोस, सोपे गुण मिळतील आणि वर्ष फुकट जाईल. कामगार कायद्याचा वेगळा गट तिथे नसेल तर संवैधानिक आणि प्रशासकीय कायद्याचा घे आणि प्रबंध कामगारांवर लिही. हा आडमार्ग नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही संविधानाच्या कलम 23 खालची वेठबिगारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलं, तो निकाल तू वाचलाच असशील. संशोधन पद्धतीचा पेपर सगळेच कंटाळून ढकलतात. तू ढकलू नकोस, महिनाभर गोळा केलेल्या माहितीचं काय करायचं ते तिथेच कळेल. आणि वर्षाकडून फार मागू नकोस. नऊ-दहा महिन्यांत कुणी तज्ज्ञ होत नाही. एक प्रश्न नीट मांडता आला आणि एखादे चांगले शिक्षक ओळखीचे झाले, तर वर्ष वसूल.

पण माझा कौल विचारशील तर एलएलएम आत्ता नको. आधी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची तात्पुरती सनद काढ. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालानंतर नोंदणीची फी खुल्या गटाला 750 रुपयांच्या वर घेता येत नाही. सनदेनंतर द्यायच्या बार परीक्षेला दोन वर्षं मिळतात, तिचा बाऊ करू नकोस. सोलापुरात कामगारांचे दावे चालवणाऱ्या एखाद्या वकिलाकडे बस, कामगारांच्या बाजूचा असो की कंपनीच्या. पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) लिही, तारखा घे, रोजनामा (खटल्याच्या रोजच्या कामकाजाची नोंद) वाचायला शीक. दोन-तीन वर्षांनी एलएलएमला गेलीस तर प्रबंधाचा विषय तुझ्या हातातल्या फायलींतून निघेल, आणि तोवर जज व्हावंसं वाटलं तर दाखलाही तयार असेल. तुला हे पटलं नाही आणि यंदाच पुण्याला जायचं असेल, तर खुशाल जा. फक्त तो निर्णय तुझा असू दे.

सर, पुन्हा तुमच्याकडे. भरलेल्या फीपैकी काय परत मिळेल ते महाविद्यालयाला लेखी विचारा, मुदत असते. स्थळांबद्दल मी करिअरच्या सदरात काही बोलू नये, पण बोलते. येणाऱ्यांना ‘वकिली करते’ असं सांगून बघा. जे तिथूनच परत फिरतील, त्यांच्या चहापोह्यांचा खर्च वाचला.

पुढचं पत्र तिने लिहू द्या, आणि टपालात टाकण्याआधी तुम्ही तपासू नका. सोबत त्या विडी कामगारांच्या प्रकल्पाची एक झेरॉक्स जोडायला सांगा. मला वाचायचा आहे.