नॅनोक्ले किंवा ग्राफीन मिसळून कार्बन फायबर कंपोझिटमध्ये पाणी शिरणं थांबवता येतं का?

कार्बन फायबर-इपॉक्सीच्या पट्ट्या पाण्यात ठेवल्यावर जड होतात, ताकद घटते, मग रेझिनमध्ये (म्हणजे फायबर एकत्र धरणाऱ्या इपॉक्सीमध्ये) नॅनोक्ले (मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे) घालू की ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे), असा तुमचा प्रश्न आहे. थांबत नाही, पण वेग बराच कमी करता येतो. हा फरक आधी नीट समजून घ्या.

पाणी फायबर पीत नाही, इपॉक्सी पितं. रेझिनमधल्या हायड्रॉक्सिल गटांना पाण्याचे रेणू चिकटतात, साखळ्या सैल होतात. ढोबळ हिशेब असा, की रेझिनने १ टक्का पाणी घेतलं की त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान (ज्याच्यावर कडक रेझिन मऊ पडतं) सुमारे २० अंश सेल्सिअसने उतरतं. म्हणूनच ओल्या आणि गरम अवस्थेतली चाचणी सगळ्यात कडक समजतात.

नॅनोक्लेचा पापुद्रा जेमतेम १ नॅनोमीटर जाड, पण रुंदीला त्याच्या शंभर पट किंवा जास्त. पाण्याला प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालून जावं लागतं. नील्सन यांच्या १९६७ च्या सूत्रात रुंदी-जाडीचं प्रमाण १०० आणि आकारमानाने २ टक्के क्ले धरलं, तर पारगम्यता (पाणी आरपार जाण्याची सोय) जवळपास निम्मी होते. पण हे कागदावर, सगळे पापुद्रे सुटे आणि आडवे असतील तर. शिवाय पुरेसा काळ पाण्यात राहिलेली पट्टी शेवटी जवळपास तितकंच पाणी घेते. कायम बुडालेल्या भागाला याचा फायदा मर्यादित, अधूनमधून भिजणाऱ्याला चांगला.

ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेलं ग्राफीन) तसंच टाकू नका. त्यावरचे ऑक्सिजनचे गट स्वतःच पाणी ओढतात. सिलेन (पृष्ठभागाला रेझिनशी जोडणारं रसायन) लावलेलं घ्या.

खरी अडचण मिसळण्यात आहे. गुठळ्या राहिल्या तर त्यांच्याभोवती पोकळ्या होतात आणि पाण्याला आयत्या जागा मिळतात. थ्री-रोल मिल (तीन रुळांमध्ये रेझिन दाबून गुठळ्या फोडणारं यंत्र) मिळाली तर उत्तम. इन्फ्यूजन (कोरड्या फायबरच्या कापडात निर्वाताने रेझिन ओढणं) करत असाल तर बाहेर पडणारं रेझिन पाहा: भांड्यात काळं आणि नळीतून फिकं येत असेल, तर कापडाने ग्राफीन गाळून घेतलंय आणि पट्टीच्या दोन टोकांना वेगवेगळं मटेरियल तयार झालंय. म्हणून क्ले वजनाने १-२ टक्के, ग्राफीन अर्ध्या टक्क्याच्या आत, असं सुरू करा.

माझं मत विचाराल तर हे काही मिसळण्याआधी पोस्ट-क्युअर (घट्ट झालेल्या रेझिनला पुन्हा उष्णता देऊन पक्कं करणं) पूर्ण करा, पोकळ्या कमी करा आणि कापलेले काठ इपॉक्सीने बंद करा. उघड्या काठावरून फायबरच्या कडेकडेने पाणी झपाट्याने आत जातं. तुलनेसाठी साध्या रेझिनच्या पट्ट्याही त्याच जाडीच्या ठेवा, कारण जाडी दुप्पट झाली की भिजायला चौपट वेळ लागतो.