संशोधनासाठी सॅबॅटिकल रजा कोणाला मिळते? विद्यापीठ ती नाकारू शकते का?

हो, नाकारू शकते. ही रजा हक्काची नाही, मंजुरीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार कायम, पूर्णवेळ शिक्षकाची सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक पदावर ७ वर्षे सेवा झालेली असावी. रजा एका वेळी जास्तीत जास्त १ वर्ष आणि संपूर्ण सेवेत २ वर्षे मिळते. आधी अभ्यास रजा घेतली असेल, तर परतल्यापासून ५ वर्षे थांबावे लागते. पगार पूर्ण मिळतो, पण दुसरीकडे नियमित नोकरी धरता येत नाही. फेलोशिप चालते. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो. तो नेमका आणि ठोस लिहा.

खरी अडचण विभागात असते. रजेवर गेलेल्याची जागा भरण्याचे बंधन विद्यापीठावर नाही, त्यामुळे तास उरलेल्यांच्या गळ्यात पडतात. आधीच पदे रिक्त असलेल्या विभागात प्रमुख कचरतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या मते तासिका तत्त्वावर बदली शिक्षक देणे विद्यापीठाने स्वतःवर बंधनकारक करून घ्यायला हवे. नाहीतर नियम कागदावरच राहतो.

सहायक प्राध्यापक असाल, तर ३ वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या अभ्यास रजेची चौकशी करा.