६५ इंची टीव्ही घ्यायचा आहे. कमी वीज खाणारा कोणता, ओएलईडी की क्यूएलईडी?

लेबलवरचे तारे बघण्याआधी सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. तुम्ही ६५ इंच ठरवूनच टाकलेत, आणि विजेचा मोठा भाग तिथेच ठरतो. इंच कर्णाचे असतात, पण उजळायचा असतो अख्खा पडदा. ५५ ऐवजी ६५ घेतला की क्षेत्रफळ सुमारे ४० टक्के वाढतं, ७५ घेतला तर ८६ टक्के. वीजही साधारण त्याच अंगाने चढते. तुम्ही सव्वादोन मीटरवर बसत असाल तर ५५ भरपूर होतो. अडीच मीटरच्या पुढे असाल तर ६५ जरूर घ्या.

आता तारे. हे मानांकन सहसा आकाराच्या प्रमाणात दिलेलं असतं, त्यामुळे जास्त तारेवाला मोठा टीव्ही कमी तारेवाल्या लहान टीव्हीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. म्हणून तारे एकाच आकाराच्या दोन टीव्हींमध्ये निवड करताना वापरा, एरवी वॅट किंवा युनिटचा आकडा वाचा. युरोपीय लेबलवर दर १००० तासांचे युनिट देतात आणि एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचा, आकडा वेगळा छापतात, हे मला फार आवडतं. एचडीआर चित्र लागलं की तोच टीव्ही कितीतरी जास्त वीज ओढतो.

ओएलईडी की क्यूएलईडी, याचं उत्तर तुम्ही काय बघता यावर आहे. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच. मागे एलईडीचे दिवे, आणि त्यांचा बराचसा प्रकाश पडद्याच्या थरांतच अडतो. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, काळा बिंदू बंदच असतो. रात्री अंधाऱ्या दृश्यांचे सिनेमे बघणाऱ्याला ओएलईडी स्वस्तात पडतो. दिवसभर बातम्या, क्रिकेट, कार्टून असा लख्ख पडदा चालणाऱ्या घरात मी चांगला एलसीडी सुचवेन. आठ-के, म्हणजे फोर-केच्या चौपट बिंदूंचा पडदा, मात्र टाळा. बिंदू बारीक झाले की प्रकाश आणखी अडतो, मग मागचे दिवे जास्त तेजाने लावावे लागतात.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पिक्चर मोड बघा. 'व्हिव्हिड' असेल तर 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' करा. डोळ्यांनाही बरं वाटतं. खोलीतल्या उजेडानुसार पडदा मंद करणारा सेन्सर असेल तर तो चालू ठेवा, आणि त्याच्यासमोर साउंडबार येऊ देऊ नका.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट 'क्विक स्टार्ट'. टीव्ही झटकन सुरू व्हावा म्हणून तो बंद असतानाही अर्धवट जागा राहतो. समजा त्यात १५ वॅट जात असतील आणि टीव्ही रोज २० तास बंद असेल, तर वर्षाला जवळजवळ ११० युनिट होतात. १०० वॅटचा टीव्ही रोज ४ तास बघितला तरी १४६ युनिटच लागतात! साध्या स्टँडबायला अर्धा वॅट पुरतो. काही सेकंद थांबायची तयारी असेल तर ही सोय बंदच करा. तसंच, सिनेमे गेमिंग कन्सोलवरून लावण्यापेक्षा टीव्हीतल्याच ॲपवर लावा. कन्सोल त्या कामाला उगाच कितीतरी जास्त वीज घेतो.