घोडा दुसऱ्याचा, भीती आपली

"ताई, गेल्या तीन महिन्यांपासून एका घोड्यासाठी पैसे भरतेय आणि त्याच्याकडे जायचं टाळतेय. कधी मीटिंग आली म्हणते, कधी मुलाला ताप आला म्हणते. मालकीण चांगली आहे, म्हणून आणखीच लाज वाटते. भीती जाईपर्यंत थांबू, की सरळ सोडूनच देऊ?"

इंग्लंडमधल्या एका खेड्याजवळ राहणाऱ्या मराठी बाईंचा हा ईमेल. त्यांना आपण मृणाल म्हणू. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रश्न घोड्याचा असला तरी "भीती गेली की सुरू करेन" हे वाक्य समुपदेशक म्हणून मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. कुणाची गाडी चालवायची सुटलेली असते, कुणाचं पोहणं, कुणाचं स्टेजवर गाणं. चाळिशीत ते परत हवंसं वाटतं आणि शरीर मात्र पाय मागे घेतं.

मृणाल नागपूरची. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एनसीसीचं रिमाउंट अँड व्हेटरनरी युनिट आहे. कॉलेजच्या वयात ती तिथे घोड्यावर बसायला शिकली. पहाटे उठून खरारा, मग परेड, मग दुडकी चाल, तीही रिकिबीत पाय न घालता. पडली, उठली, पुन्हा चढली. पुढे नोकरी, लग्न, परदेश, मूल. वीसेक वर्षं घोड्याला हात लागला नाही. मग घराजवळच्या तबेल्यात एक चिठ्ठी लावलेली दिसली: सोळा वर्षांचा, शांत स्वभावाचा कॉब (ठेंगणा, दणकट बांध्याचा घोडा), आठवड्यातून दोन दिवस शेअर करायला कुणी हवंय.

ही पद्धत तिकडे सर्रास आहे. घोडा पाळणं फार खर्चिक. तबेल्याचं भाडं, गवत, डॉक्टर आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. त्यात घोड्याला रोज हालचाल लागते, आणि मालकाला रोज वेळ असतोच असं नाही. मग कुणीतरी ठरावीक दिवस घ्यायचे, थोडे पैसे द्यायचे, त्या दिवशीची लीद उचलायची, पाणी भरायचं, खरारा करायचा आणि बसायचं. घोडा मालकाचाच राहतो. ज्याला स्वतःचा घोडा परवडत नाही, किंवा इतक्या वर्षांनी आपल्याला झेपेल का याचीच खात्री नाही, त्याच्यासाठी परतीची ही वाट मला खरोखर शहाणपणाची वाटते. रायडिंग स्कूलमध्ये दर वेळी वेगळा घोडा मिळू शकतो. इथे एकाच जनावराशी ओळख वाढते.

मालकीण साठीच्या घरातली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. मृणालने तिला "मी अनुभवी आहे" असं कळवलं होतं. खोटं नव्हतं, पण तो अनुभव वीस वर्षांपूर्वीचा होता.

पहिले काही आठवडे छान गेले. मग एकदा कुंपणातून एक फेझंट पक्षी फडफडत उडाला आणि घोडा झटकन बाजूला सरकला. ती पडली नाही. घोडा दोन पावलांत शांतही झाला. पण त्यानंतर खोगिरात बसलं की तिचा श्वास छातीतच अडकायचा, गुडघे आवळले जायचे, अंग पुढे झुकायचं आणि लगाम आखूड व्हायचा. घोडा डोकं वर करायचा, कान टवकारायचा. ते पाहून तिला वाटायचं, हा आता पुन्हा बिथरणार.

इथे घोड्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. तो भक्ष्य प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे थेट नाकापुढचा आणि शेपटीमागचा भाग सोडला तर जवळपास चहूकडचं त्याला दिसतं, आणि धोक्याची चाहूल लागताच पळणं हीच त्याची पहिली बुद्धी. स्वीडनमधला, 2009 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी मृणालला सांगितला. माणसांना घोडा घेऊन, काहींना पायी आणि काहींना वर बसून, एकाच वाटेने चार वेळा जायला सांगितलं. चौथ्या वेळी आधी कल्पना दिली की आता शेजारी छत्री उघडणार आहे. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

हे ऐकून ती आणखी खचली. "म्हणजे मीच त्याला घाबरवतेय." मी म्हटलं, तुझं काहीतरी त्याच्यापर्यंत पोचतं हे खरं. मग सैल सोडलेला श्वाससुद्धा पोचेल.

पण त्याआधी एक प्रश्न होता. नेमकी भीती कसली? पहिलं उत्तर, पडण्याची. ही भीती मी खोडून काढायला गेले नाही. विशीत पडणं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी पडणं यात फरक आहे. हाडं वेळ घेतात, घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे, मनगट मोडलं तर नोकरी अडते. अशा भीतीला आधी तिचा वाजवी हिस्सा द्यावा. नीट बसणारं आणि मान्य दर्जाचं हेल्मेट, एकदा जोरात आपटलं तर ते बदलणं, अंगात संरक्षक जॅकेट, एकटीने रस्त्यावर न जाणं. तिकडच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, जानेवारी 2022 पासून स्पष्ट लिहिलं आहे की घोड्याच्या बाजूने जाताना गाडीचा वेग ताशी दहा मैलांपेक्षा जास्त नसावा आणि किमान दोन मीटर अंतर सोडावं. तरी सगळे चालक पाळतात असं नाही, म्हणून सुरुवात कुंपणाच्या आतल्या मैदानात करायचं ठरलं. एवढं झाल्यावरही जी भीती उरली, तिच्यावर आम्ही काम केलं.

आणि ती उरलेली भीती पडण्याची नव्हतीच. तिसऱ्या सत्रात तिच्या तोंडून निघालं: "तिने मला तिचा घोडा दिलाय. मी घाबरते हे कळलं तर तिला वाटेल फसवलं. ती घोडा काढून घेईल आणि तबेल्यातल्या सगळ्यांना कळेल." खरा मिंधेपणा इथे होता. स्वतःचा घोडा असता तर आज फक्त चालवते, उद्या बघू, असं ती सहज म्हणाली असती. घोडा दुसऱ्याचा, म्हणून प्रत्येक फेरी तिला परीक्षेसारखी वाटत होती. त्यात स्वतःवर घातलेली अट होती: मला कॉलेजात बसायचे तसंच बसता आलं पाहिजे, नाहीतर मी कुचकामी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. त्या पद्धतीने काम करणाऱ्या कुणालाही ही अट लगेच ओळखू येईल. "चांगलं बसता यावं" ही इच्छा राहू द्यायची. तिची सक्ती झाली की ती सोडवायची.

टाळण्याचं गणितही तिला दाखवलं. सकाळी सात वाजता "आज जमत नाही" असा मेसेज पाठवला की क्षणात हायसं वाटतं. त्या हायसं वाटण्यामुळेच मन शिकतं की न जाणं हाच उपाय. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते, आदल्या रात्रीच. भीती जाण्याची वाट बघत थांबलं की ती वाढत राहते.

म्हणून पहिलं काम खोगिरावरचं नव्हतं, फोनवरचं होतं. मालकिणीला चार ओळी लिहायच्या: मी वीस वर्षांनी परत बसतेय, त्या प्रसंगानंतर मला भीती वाटते, म्हणून मी दिवस चुकवले, मला यातून बाहेर यायचंय आणि काही आठवडे सावकाश जायचंय, चालेल का? मसुदा आम्ही मिळून केला. पाठवायला तिला पंधरा दिवस लागले.

मालकीण रागावलीच, पण घाबरण्यावरून नाही. कॉब प्रकारचा घोडा बसून राहिला की भराभर लठ्ठ होतो, आणि लठ्ठपणातून खुरांचा फार वेदनादायक आजार होऊ शकतो. मृणालच्या चुकवलेल्या दिवसांत तो उभाच राहिला होता. तिने स्पष्ट सांगितलं, घाबरतेस तर घाबर, पण ऐन सकाळी कळवणं मला चालणार नाही. आदल्या दिवशी कळव, म्हणजे मी दुसऱ्या कुणाला सांगेन. आणि बसायचंच असं नाही, त्याला दोरीला धरून अर्धा तास फिरवलंस तरी त्याचं काम होतं. मृणालला हे उत्तर कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा उपयोगी पडलं. समोरच्या माणसाला नेमकं काय हवंय हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि ते तिला जमण्यासारखं होतं.

मग पायऱ्या ठरल्या. शून्य ते शंभर या मापावर प्रत्येक गोष्टीची भीती किती, हे तिनेच लिहिलं. (मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पी यांच्या काळापासून आम्ही हे माप वापरतो.) खरारा करणं दहा. चारही खुरं उचलून साफ करणं वीस. मैदानात दोरीला धरून चालवणं पंचवीस. खोगिरात चढून घोडा नुसता उभा ठेवणं पन्नास. कदम चाल साठ, दुडकी ऐंशी, गल्लीत बाहेर जाणं पंच्याण्णव. कँटर, म्हणजे दुडकीपुढची वेगाची चाल, हा शब्द तिने यादीत लिहिलाच नाही. मीही सुचवला नाही.

तिच्या नवऱ्याने एकदा विचारलं, "पैसे भरून तू घोडा घासायला जातेस?" त्याला गंमत वाटली होती, तिला लागलं. खराऱ्याचं महत्त्व मी तिला आवर्जून सांगितलं. तिचा घोडा काळ्या-पांढऱ्या डागांचा. माझ्याशी बोलताना ती त्याला "अबलख" म्हणायची. खांद्याच्या वर, आयाळ जिथे संपते तिथे गोल गोल घासलं की त्याचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायचा आणि मान खाली यायची. हे तिने मला पुष्कळदा, अगदी रंगून सांगितलं. ज्याचं अंग सैल पडताना तुम्ही हाताखाली अनुभवलंय, त्याच्या पाठीवर बसताना तो अनोळखी राहत नाही. शिवाय कान, मान, शेपूट वाचायला जमिनीवरूनच शिकता येतं. शनिवारची सकाळ तिची आणि रविवारची नवऱ्याच्या क्रिकेटची, हेही त्याच सुमारास ठरलं.

भीतीवर काम करताना आम्ही एरवी सांगतो की भीती शिगेला असताना पळू नका, थोडं थांबा, ती ओसरताना अनुभवा. लिफ्टच्या भीतीला हे जसंच्या तसं लागू पडतं. घोड्याच्या बाबतीत मी त्यात बदल करते, कारण लिफ्ट घाबरत नाही. घोडा खरोखर ताणला असेल, पाठ कडक झाली असेल, शेपूट आवळली असेल, तर उतरणंच योग्य. मृणालशी ठरलं ते असं: घोडा शांत आणि भीती फक्त तुझी असेल तर बसून राहा, मोठ्याने श्वास सोड, त्याच्याशी मराठीत बोल, आकडा थोडा उतरला की मग उतर. घोडाही घाबरला असेल तर उतर, पण घरी जाऊ नकोस. दोरीला धरून त्याच जागेवरून त्याला पुन्हा चालव. त्याचा दिवस शांतपणे संपला पाहिजे, तुझाही.

दुडकीपाशी ती अडली. बरेच आठवडे आकडा ऐंशीवरून हलेना. माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न मनाचा कमी आणि बसण्याचा जास्त होता. तिने एका प्रशिक्षिकेकडून त्याच घोड्यावर लांब दोरीवरचे धडे घेतले: घोडा दोरीवर गोल फिरतो, वेग प्रशिक्षिकेच्या हातात, बसणाऱ्याने फक्त बसायचं. गुडघे आवळले की आपण खोगिरातून वर फेकले जातो, हे तिथे तिच्या अंगाला कळलं. घोड्यावर परत येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, समुपदेशक हवा असेल तर जरूर घ्या, पण चांगल्या प्रशिक्षकाच्या जागी त्याला बसवू नका. आणि कुणी खरोखर वाईट पडलं असेल, तो प्रसंग झोपेत, जागेपणी डोळ्यांपुढे येत असेल, तर नुसत्या पायऱ्यांवर भागत नाही. आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावं.

शेअरिंगचा विचार करणाऱ्यांना आणखी एक सांगते. सगळं कागदावर घ्या, मालक कितीही प्रेमळ असला तरी. कोणते दिवस, किती पैसे, डॉक्टरचा खर्च कुणाचा, उडी मारायची परवानगी आहे का, रस्त्यावर न्यायचा का, सोडायचं असेल तर किती आधी कळवायचं. 1947 साली स्थापन झालेली ब्रिटिश हॉर्स सोसायटी अशा कराराचे नमुने देते, आणि तिच्या गोल्ड सदस्यत्वात घोड्यामुळे तिसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याचा विमा असतो. मृणालने तोंडी ठरवलं होतं. नंतर दोघींनी एक पानभर करार केला, तेव्हा तिचा मिंधेपणा निम्मा उतरला. काय देणं आहे हे लिहिलेलं असलं की उगीच जास्तीचं देणं डोक्यावर राहत नाही.

आता ती गल्लीतून जाते, सोबत दुसरा घोडेस्वार असेल तर. पक्षी अजून उडतात. अबलख अजून दचकतो, ती त्याच्याबरोबर दचकते आणि दोघं पुढे जातात. भीतीचा आकडा बाहेर निघताना चाळीसच्या आसपास असतो, परत येताना त्याहून कमी.

गेल्या महिन्यात मालकिणीच्या दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. तिने मृणालला विचारलं, तिसरा दिवस घेशील का? पूर्वीची मृणाल लगेच हो म्हणाली असती आणि मग सकाळी सातला मेसेज पाठवत बसली असती. तिने एक रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी कळवलं, तिसरा दिवस जमणार नाही, पण ऑपरेशनच्या आठवड्यात संध्याकाळचं गवत-पाणी मी बघेन. मालकिणीने तिसऱ्या दिवसासाठी दुसरं कुणी शोधलं. आमची सत्रं आता महिन्यातून एकदा होतात. पुढच्या सत्रासाठी तिने दोन विषय पाठवले आहेत: तिकडे हिवाळ्यात चारला अंधार पडतो, तेव्हाचं वेळापत्रक कसं बसवायचं, आणि कँटर.